शाळेतलं करिअर मार्गदर्शन : आठवी ते दहावी, काय आणि कधी

२०२३ मध्ये राज्य मंडळाचा दहावीचा निकाल २ जूनला लागला, २०२४ मध्ये २७ मेला आणि २०२५ मध्ये १३ मेला. निकाल असा अलीकडे सरकत गेल्याने शाळांची एक जुनी पद्धत आता चालेनाशी झाली आहे. पूर्वी निकाल आणि शाळा उघडणं साधारण एकाच सुमारास व्हायचं. मुलं गुणपत्रिका घ्यायला यायची, वर्गशिक्षक व्हरांड्यात भेटायचे, ‘पुढे काय घेणार?’ एवढं बोलणं व्हायचं आणि तेच मार्गदर्शन. आता प्रवेशाचे अर्ज ऐन उन्हाळी सुट्टीत सुरू होतात. शिक्षक गावाला गेलेले असतात, शाळेला कुलूप असतं आणि मूल वडिलांबरोबर तालुक्याच्या सायबर कॅफेत रांगेत उभं असतं. अर्ज भरून देणारा जे कॉलेज सुचवेल ते पसंतिक्रमात वर जातं. पंधरा वर्षांच्या मुलाची दोन-तीन वर्षं आणि घरातले काही हजार, कधी लाखभर रुपये अशा दहा मिनिटांवर अवलंबून राहू नयेत.

म्हणून मार्गदर्शनाचं सगळं मुख्य काम दहावीच्या परीक्षेआधी संपलेलं असावं, असं मी आग्रहाने सांगते. मे महिन्यात फक्त ठरलेलं अमलात आणायचं. त्यासाठी आठवीत सहा, नववीत बारा आणि दहावीत सहा असे २४ तास पुरतात. तास चाळीस मिनिटांचा धरला तर तीन वर्षांत मिळून हे सोळा घड्याळी तास होतात. समुपदेशक नसलेल्या शाळेतही ते निघतात : नववी-दहावीच्या ‘स्वविकास व कलारसास्वाद’चे काही तास, सहामाही परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी यांमधले मोकळे दिवस, वार्षिक परीक्षेनंतरचा आठवडा. काम मात्र एका शिक्षकाच्या नावावर लेखी असावं. सगळ्यांवर सोपवलेलं काम कुणीच करत नाही. प्रत्येक मुलाची शंभर पानी वही करावी, तीन वर्षं तीच वापरावी आणि ती शाळेच्या कपाटात राहावी.

आठवी : कागद, शिष्यवृत्ती, डोळे

आठवीच्या मुलाला ‘तू कोण होणार?’ असं विचारून काही हाती लागत नाही. या वर्षी तीन रुक्ष कामं उरकायची असतात आणि ती राहिली तर पुढचं मार्गदर्शन कितीही चांगलं असलं तरी प्रवेश अडतो.

पहिलं काम जनरल रजिस्टरचं. नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जात-पोटजात या नोंदी पालकांना शाळेत बोलावून, रजिस्टर समोर ठेवून वाचून घ्याव्यात आणि सही घ्यावी. आधार कार्डावरचं नाव त्याच वेळी ताडून पाहावं. मूल शाळेत शिकत असतं तोवर मुख्याध्यापकांमार्फत, शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी घेऊन दुरुस्ती होऊ शकते. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडल्यावर तीच दुरुस्ती फार अवघड होते. दहावीच्या बोर्डाच्या अर्जात जे नाव जातं तेच गुणपत्रिकेवर येतं आणि पुढची सगळी ऑनलाइन नोंदणी त्या नावावर चालते. पोटजातीच्या नोंदीत एखादं अक्षर वेगळं पडलं तरी जात पडताळणीत त्रुटी निघते. जातीचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र याच वर्षी काढायला सांगावं, कारण ही दोन्ही कागदपत्रं पुन्हा पुन्हा काढावी लागत नाहीत. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर मात्र मुदतीचे असतात. नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते. फेब्रुवारीत संपत आलेला दाखला घेऊन पालक निर्धास्त राहतात आणि जूनमध्ये अर्ज खुल्या प्रवर्गात जातो, हे दरवर्षी घडतं.

दुसरं काम एनएमएमएसचं, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीचं. शासकीय आणि अनुदानित शाळांतल्या आठवीच्या मुलांसाठी ही परीक्षा असते. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, सातवीत ५५ टक्के गुण हवेत (अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के). बौद्धिक क्षमता आणि शालेय विषय असे ९० प्रश्नांचे दोन पेपर, प्रत्येकी दीड तास. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये. शेतमजुराच्या घरात मुलीला अकरावीला पाठवायचं की नाही हे ठरताना हा आकडा बोलतो. म्हणून ‘हुशार’ चार मुलांचेच अर्ज न भरता अटीत बसणाऱ्या सगळ्यांचे भरावेत.

तिसरं काम डोळ्यांचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा नजरेबरोबर रंग ओळखण्याची तपासणीही मागून घ्यावी. ठिपक्यांतला आकडा वाचायला लावणारी ती चाचणी पाच मिनिटांत होते. रेल्वेत लोको पायलट, व्यापारी जहाज, हवाई दलात वैमानिक या कामांना रंगांधळेपणा चालत नाही. ही गोष्ट दोन वर्षं तयारी केल्यावर वैद्यकीय तपासणीत कळण्यापेक्षा चौदाव्या वर्षी कळलेली बरी. पोलीस भरतीसाठी उंचीचंही तसंच. पुरुषांना १६५ सेंटिमीटर, महिलांना १५५ सेंटिमीटर. मूल अजून वाढत असतं, त्यामुळे आठवीच्या मापावरून कुणाला ‘नाही’ म्हणू नये. वहीत मात्र दरवर्षी उंची लिहावी.

नववी : काम बघणं

खरं शिकणं नववीत होतं आणि बाराच्या बारा तास इथे खर्च करावेत. या वयाच्या मुलांना घरातली कामं, शिक्षक, डॉक्टर, पोलीस आणि मोबाइलवर दिसणारी माणसं एवढेच व्यवसाय माहीत असतात. माहितीचा तक्ता वाचून ही यादी वाढत नाही. माणसाला त्याच्या कामाच्या जागी भेटल्यावर वाढते.

पद्धत अशी. वर्गाचे चार-चार मुलांचे गट करा. प्रत्येक गटाने वर्षभरात तीन माणसांना भेटायचं : एक हाताने काम करणारा, एक कार्यालयात किंवा दवाखान्यात पगारावर असणारा आणि एक स्वतःचा धंदा असणारा. गाव छोटं असलं तरी यादी निघते. वेल्डिंगचं दुकान, ट्रॅक्टर गॅरेज, सौर पंप बसवणारे, दूध संकलन केंद्र, आरोग्य उपकेंद्रातली एएनएम (परिचारिका), पॅथॉलॉजी लॅबमधला टेक्निशियन, औषधाचं दुकान, सहायक कृषी अधिकारी, महावितरणचा वायरमन, जीएसटीचं काम बघणारं ऑफिस, शिलाई करणाऱ्या ताई. शिक्षकाने आधी फोन करून वेळ घ्यावी, दुपारची घ्यावी, पाऊण तासापेक्षा जास्त थांबू नये आणि पालकांचं संमतिपत्र वहीत चिकटवावं. मुलांनी यंत्राला हात लावायचा नाही. बघायचं, विचारायचं, लिहायचं.

प्रश्न आधी ठरवून द्यावेत, नाहीतर मुलं ‘तुम्हाला हे काम आवडतं का?’ एवढंच विचारतात, उत्तर ‘हो’ येतं आणि भेट संपते. उपयोगी पडणारे प्रश्न हे :

– दिवस किती वाजता सुरू होतो, किती वाजता संपतो? सुट्टी कधी?
– हे काम कुठे शिकलात, किती वर्षं लागली, किती खर्च आला?
– पहिल्या दोन वर्षांत काय चुकत होतं?
– नवीन मुलगा किंवा मुलगी कामाला ठेवली तर महिन्याला किती देता? दोन वर्षांनी किती?
– वर्षातले कोणते महिने रिकामे जातात?
– शरीराला काय त्रास होतो?
– कामात रोज वाचावं, लिहावं, मोजावं लागतं का? काय?

चौथा प्रश्न असा का विचारायचा, हे मुलांना समजावून सांगावं. ‘तुमची कमाई किती?’ असं विचारलं तर माणूस संकोचतो किंवा आकडा फिरवून सांगतो. नवख्याला काय देता, हे मात्र सरळ सांगतो आणि मुलाच्या कामाचा आकडा तोच असतो. शेवटच्या प्रश्नातून गणिताच्या वर्गात कधी न पटलेली गोष्ट पटते. फॅब्रिकेशनवाला कोन आणि वजन काढतो, टेक्निशियन प्रमाण काढतो, शिलाईवाली ताई कापडाचा हिशेब करते.

भेटीनंतर त्याच आठवड्यात एक तास वर्गात ठेवावा. प्रत्येक गट पाच मिनिटं बोलेल आणि प्रत्येक मूल वहीत तीन ओळी लिहील : मला यातलं काय जमेल, काय सोसणार नाही, अजून काय विचारायचं राहिलं. ‘सोसणार नाही’ ही ओळ सगळ्यात मोलाची असते. मुलं तिथे खरं लिहितात. रक्त बघवत नाही, दिवसभर एका जागी बसवत नाही, अनोळखी माणसांशी बोलायला भीती वाटते. पुढे आवड-क्षमता चाचणीचा अहवाल आल्यावर त्याच्याशेजारी ठेवायला याहून चांगला पुरावा नसतो.

याच विचाराचं पूर्ण रूप पाहायचं असेल तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळचं विज्ञान आश्रमाचं काम पाहावं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये ते सुरू केलं. ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या त्यांच्या अभ्यासक्रमात अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य अशी चारही अंगं मुलं-मुली दोघं करतात आणि गावातल्या लोकांना उपयोगी पडणारी कामं करून शिकतात. ज्यांच्या शाळेत असा विषय सुरू आहे त्यांना वेगळ्या भेटींची गरज कमी. चारही विभागांत मूल कुठे रमतं याची नोंद निदेशकाकडूनच घ्यावी.

पाहुण्यांच्या व्याख्यानांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मोठ्या पदावरच्या माणसाचं भाषण मुलांना आवडतं, पण त्यातून वाट कळत नाही. वीस वर्षांपूर्वीचे प्रवेश, फी, परीक्षा आता नाहीत. त्यापेक्षा तीन-चार वर्षांपूर्वी याच शाळेतून गेलेली चार मुलं दिवाळीच्या सुट्टीआधी बोलवावीत. एक आयटीआय झालेला, एक डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षातली, एक नर्सिंगला असलेली, एक कला शाखेतून पदवी करणारा. त्यांत एक तरी मधेच वाट बदललेला असावा. मेस कशी आहे, खोलीभाडं किती, पहिल्या सत्रात कोणता विषय राहिला, हे तेच सांगू शकतात.

चाचणीचा कागद कसा वाचायचा

राज्य मंडळाने २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या सगळ्या मुलांची कल चाचणी घेतली. तिच्या सुरुवातीच्या रूपात मुलाची आवड मोजली जात होती. गणवेशधारी सेवा, ललित कला, आरोग्य अशा क्षेत्रांपैकी मूल कुठे झुकतं ते त्यात दिसायचं. बऱ्याच घरांत तो कागद ‘सरकारने सांगितलं, हा पोलीसच होणार’ असा वाचला गेला. आवड आणि क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगळ्या चाचण्यांनी मोजतात आणि दोन्ही चाचण्या ‘तू अमुक हो’ असं सांगत नाहीत.

क्षमता चाचणीत साधारणपणे भाषिक, अंकिक, तार्किक, अवकाशीय, यांत्रिक, कारकुनी वेग अशा अंगांचे वेगवेगळे छोटे पेपर असतात आणि प्रत्येकाला वेळेची बंदी असते. निकाल बहुधा शततमकात येतो. अंकिक क्षमता ६० शततमक याचा अर्थ ६० टक्के गुण असा नाही. शंभर समवयस्कांत साठांपेक्षा वर, असा आहे. ६० आणि ६६ यांत फरक मानू नये, कारण एवढा फरक झोप कमी झाल्यानेही पडतो. ३० आणि ८० यांत फरक मानावा. सगळे आकडे ४० ते ६० मध्ये आले तर चाचणी वाया गेली असं नाही. त्या मुलासाठी आवड, मेहनत आणि घरची सोय यांवर निर्णय घ्यायचा, एवढंच ती सांगते.

चाचणी कुठे बिघडते, तेही लक्षात ठेवावं. मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजीतली चाचणी दिली तर भाषिक गुण पडतातच, सूचना नीट न कळल्याने बाकीचेही पडतात. दीडशे मुलं एका सभागृहात बसवून घेतली तर मागच्या रांगांना वेळ सुरू झाल्याचं कळत नाही. कवायतीच्या तासानंतर, दुपारी दोनला घेतली तर वेगाचे पेपर बिघडतात. तीस-पस्तीस मुलं, सकाळची वेळ, मराठी पुस्तिका आणि अहवालानंतर मूल-पालकांशी किमान अर्धा तास बोलणं, एवढ्या अटी पाळणाऱ्याकडूनच चाचणी घ्यावी. अहवाल समजावून न सांगता नुसता ईमेलने पाठवणाऱ्याला पैसे देऊ नयेत. ज्यांना खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी एनसीईआरटी आणि सीबीएसईची ‘तमन्ना’ ही नववी-दहावीची अभियोग्यता चाचणी आहे. जिल्ह्याच्या ‘डाएट’मधले (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतले) समुपदेशक आणि मुंबईची व्यवसाय मार्गदर्शन व निवड संस्था यांच्याकडेही शाळेने लेखी विचारणा करावी. चाचणीची योग्य वेळ नववीचं दुसरं सत्र ही आहे. दहावीच्या निकालानंतर घेतलेल्या चाचणीला मूल खरं उत्तर देत नाही, घरात जे ठरलं आहे त्याला धरून उत्तर देतं.

दहावी : कोणती वाट पुढे कुठे बंद होते

‘कोणती शाखा चांगली?’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘ही निवड केली तर पुढे काय बंद होईल?’ या प्रश्नाला नेमकं उत्तर आहे आणि प्रत्येक मुलाला ते कळलं पाहिजे.

विज्ञान शाखेत गणित आणि जीवशास्त्र यांची निवड महत्त्वाची. गणित सोडलं तर अभियांत्रिकी, व्यापारी जहाजावरचं अधिकारी प्रशिक्षण, एनडीएमधून (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून) हवाई दल आणि नौदल ही दारं बंद होतात. एनडीएतून भूदलात जायला मात्र कोणत्याही शाखेची बारावी चालते आणि २०२१ पासून मुलींनाही ती परीक्षा देता येते. जीवशास्त्र सोडलं तर वैद्यकीय आणि त्याला लागून असलेले बहुतेक अभ्यासक्रम अडतात. ते नंतर जादा विषय म्हणून करता येतं, पण वर्ष जातं. फार्मसी आणि कृषी पदवीला दोहोंपैकी एक गट पुरतो, हे फार थोड्या पालकांना माहीत असतं. दोन्ही विषय घेणं सुरक्षित वाटतं. दहावीत गणिताला ५०-५५ गुण असलेल्या मुलाला मात्र ते ओझं पेलत नाही आणि दोन्हीकडचे गुण जातात. कनिष्ठ महाविद्यालयात द्विलक्षी (बायफोकल) विषय असेल तर तो २०० गुणांचा असतो आणि दुसरी भाषा व आणखी एक विषय यांच्या जागी येतो. इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र, पीकशास्त्र असे पर्याय असतात. कॉलेज निवडण्याआधी ते तिथे आहेत का, हे विचारावं.

अकरावी म्हणजे विश्रांतीचं वर्ष, ही समजूत इथेच मोडून काढावी. एमएचटी-सीईटी या राज्याच्या अभियांत्रिकी-फार्मसी प्रवेश परीक्षेत २० टक्के भार अकरावीच्या अभ्यासक्रमाचा आहे आणि नीट, जेईई दोन्ही वर्षांवर बेतलेल्या आहेत. क्लासशी जोडलेल्या ‘इंटिग्रेटेड’ कॉलेजात जाताना एक प्रश्न जरूर विचारा : प्रयोगशाळा आठवड्यातून किती दिवस उघडते? बारावीच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्रात ३० गुण प्रात्यक्षिकांचे असतात. हातात कधी ब्युरेट न धरलेलं मूल पुढे पदवीच्या पहिल्या वर्षी गोंधळतं.

वाणिज्यमध्ये गणित की चिटणिसाची कार्यपद्धती हा प्रश्न येतो. सीए करायचं मनात असेल तर गणित घ्यावं, असं माझं मत. फाउंडेशन परीक्षेत गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा १०० गुणांचा स्वतंत्र पेपर आहे. बीबीए, बीएमएस, बीसीए यांना २०२४ पासून राज्यात सीईटी द्यावी लागते, हेही वाणिज्यच्या पालकांपर्यंत उशिराच पोहोचतं. कला शाखेबद्दल एवढंच की ती कमी गुणवाल्यांची शाखा म्हणून देऊ नका. वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या मुलाला ती द्या आणि मानसशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र, तर्कशास्त्र यांतले कोणते विषय त्या कॉलेजात खरोखर शिकवायला शिक्षक आहेत, ते बघून द्या.

पॉलिटेक्निकच्या अभियांत्रिकी डिप्लोमाला दहावीत किमान ३५ टक्के लागतात, म्हणून तो सोपा मानला जातो. तिथेच गडबड होते. तीन वर्षं, सहा सत्रं आणि पहिल्या दोन सत्रांत बेसिक व अप्लाइड मॅथेमॅटिक्स. दहावीत बीजगणित पाठ करून सुटलेलं मूल याच दोन विषयांत अडकतं आणि बॅकलॉग घेऊन दुसऱ्या वर्षात शिरतं. ज्याचं बीजगणित आणि त्रिकोणमिती बरी आहे, हातात अवजार धरायला आवडतं आणि ज्याच्या घरी तीन वर्षांनी कमाईची गरज पडू शकते, त्याच्यासाठी डिप्लोमा उत्तम. नंतर थेट दुसऱ्या वर्षाला अभियांत्रिकी पदवीला जाता येतं.

आयटीआयची माहिती शाळांमध्ये सगळ्यात तोकडी असते, म्हणून थोडं सविस्तर सांगते. इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे ट्रेड. वेल्डर, कोपा (संगणकाचा), डिझेल मेकॅनिक हे एक वर्षाचे. प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो आणि शासकीय आयटीआयमधल्या इलेक्ट्रिशियन, फिटरच्या जागा वरच्या गुणांवरच भरतात. म्हणजे ‘काही नाही मिळालं तर आयटीआय’ म्हणणाऱ्याला हवा तो ट्रेड मिळत नाही. वेल्डर, वायरमन अशा काही ट्रेडना दहावी नापास मूलही पात्र असतं. प्रवेशाआधी एक दिवस त्या संस्थेत जाऊन बघावं : निदेशक आहे का, लेथ चालू आहेत की झाकलेले, मागच्या तुकडीतली मुलं शिकाऊ उमेदवारीला कुठे लागली. आयटीआयनंतरची शिकाऊ उमेदवारी टाळणारं मूल अर्धंच शिकतं. दोन वर्षांचा आयटीआय झाल्यावर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. पोलीस शिपाई भरतीला बारावी लागते, तेव्हा त्या वाटेची इच्छा असलेल्या आयटीआयच्या मुलाने भाषा विषयांची परीक्षा देऊन बारावीची समकक्षता मिळवून ठेवावी.

घरच्यांशी बोलणं

दिवाळीनंतर, सहामाहीचे गुण हातात आल्यावर, प्रत्येक घरासाठी वीस मिनिटं राखावीत. सभा घेऊन हे काम होत नाही. चाळीस जणांत कुणी आपली आर्थिक अडचण सांगत नाही. घरात फीचा निर्णय ज्याच्या हातात आहे तो माणूस आला पाहिजे. कधी तो मामा असतो, कधी आजोबा. समोर वही ठेवायची, आठवी-नववी-दहावीचे गणित, विज्ञान आणि भाषांचे गुण एका ओळीत लिहायचे आणि तीन पर्याय लिहून उठायचं : हवा तो, चालेल तो आणि गुण घसरले तर जायचा तो. तिसरा पर्यायही मुलाला मान्य असावा. ज्याचं नाव काढल्यावर मूल मान खाली घालतं, तो पर्याय धरू नये.

खर्चाचा हिशेब पूर्ण मांडावा. फी, अनामत, प्रवास, मेस, खोली, क्लास, गणवेश-साहित्य. एसटीच्या विद्यार्थी पासला ६६.६७ टक्के सवलत आहे आणि ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्यादेवी होळकर योजनेतून पास मोफत मिळतो. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना केंद्रीय प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. अनुसूचित जाती-नवबौद्धांसाठी स्वाधार आणि अनुसूचित जमातींसाठी स्वयम योजना वसतिगृहाबाहेर राहणाऱ्यांना आधार देतात. मुलीच्या घरी ‘किती लांब पाठवाल?’ हा प्रश्न याच भेटीत विचारावा, निकालानंतर विचारू नये. वसतिगृह प्रत्यक्ष पाहून येण्याइतका वेळ हाती असला की नकाराचा होकार होतो.

अर्जाच्या आठवड्यात

२०२५ पासून अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रक्रिया साऱ्या राज्यासाठी आहे. पसंतिक्रमात दहा कॉलेजं भरता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर जातं. म्हणून पहिल्या ओळीत ‘बघू तरी मिळतं का’ असं कॉलेज टाकू नये. खरोखर जायचं आहे तेच टाकावं. दुसऱ्या ते दहाव्या पसंतीचं मिळालं तर थांबायची मुभा असते, पण मागच्या वर्षीचे कटऑफ पाहून थांबावं. दहा ओळींची साधी विभागणी सांगते : पहिल्या तीन ओळींत आपल्या गुणांपेक्षा दोन-तीन टक्के वर कटऑफ असलेली, पण जायचीच इच्छा असलेली कॉलेजं. पुढच्या चार आपल्या गुणांच्या आसपासची. शेवटच्या तीन नक्की मिळणारी आणि घरापासून पोहोचता येणारी. डिप्लोमा आणि आयटीआयचे अर्ज वेगळ्या संकेतस्थळांवर असतात. तिथेही भरायचे असतील तर एकाच आठवड्यात भरून ठेवावेत. लॉगिन आणि पासवर्ड वहीत लिहावा आणि नोंदणीला घरातल्याच कुणाचा मोबाइल क्रमांक द्यावा. कॅफेवाल्याचा क्रमांक दिला तर ओटीपीसाठी प्रत्येक फेरीला त्याच्या दारात जावं लागतं.

मे महिन्यातले सहा दिवस, रोज तीन तास, शाळेचा संगणक कक्ष उघडा ठेवला तर बहुतेक अडचणी सुटतात. दोन शिक्षक आळीपाळीने पुरतात.

नापास झालेल्यांची यादी

निकालाच्या दिवशी सगळ्यात आधी फोन या मुलांच्या घरी जावा. दोन विषयांपर्यंत राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. जास्त राहिले असतील तर जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते. तिचा अर्ज शाळेमार्फतच भरायचा असतो आणि मुदत थोड्या दिवसांची असते. शाळा कायमची सुटलेल्यांसाठी खासगीरीत्या परीक्षेला बसायचा १७ नंबरचा फॉर्म आहे, मुक्त विद्यालय आहे. ज्याला हातकाम आवडतं त्याला आयटीआयचे वर सांगितलेले ट्रेड दाखवावेत. पुरवणीचा निकाल जुलैच्या अखेरीस लागतो आणि तोवर सगळ्यांचं लक्ष नव्या वर्गांकडे गेलेलं असतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मार्चच्या तुकडीची पूर्ण हजेरी काढावी आणि प्रत्येक नावापुढे कॉलेज, डिप्लोमा, आयटीआय, काम किंवा ‘घरी’ असं लिहावं. ज्यांच्यापुढे ‘घरी’ लिहिलं जाईल त्यांच्याकडे त्याच आठवड्यात जावं, कारण शिल्लक जागांच्या फेऱ्या तेव्हा चालू असतात.